हौसाचा घास

फुकट काम करनाऱ्या मानसावर माझा इस्वास बसत न्हाई. आजबी न्हाई. तवा तर मी लईच वाकडी हुते. बाहत्तरचा दुष्काळ, गुरं छावणीला, घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, अन् नगरच्या मोठ्या दवाखान्यातली एक बाई सांगती, तुमच्या हौसाला पिठाचे गोळे खेळायला द्या. पिठाचे! मी म्हनलं, ही बाई एकतर येडी हाय न्हाईतर चोर हाय.

हौसा माझ्या भावाची, कारभारीची पोर. पाच वर्सं भरली तरी बसवली की कलंडायची, बोलनं म्हनजे नुसतं अं अं, अन् दोन्ही हाताच्या मुठी आवळलेल्या. मी तिची आत्या, गोजरबाई. मूल झालं न्हाई म्हनून सासरच्यांनी मला पाठवून दिलं, ती भावाच्या घरी येऊन पडले. भावजय राही म्हनजे गरीब गाय, दिवसभर वन्सं वन्सं करायची, पन घर तिचंच. माझं म्हनावं असं त्या घरात एकच हुतं. हौसाला मीच भरवायची. आईच्या हातचा घास ती थुंकून टाकायची अन् माझ्या हातचा खायची. हे मी गावभर सांगत फिरायची.

देवरुषी झाला, अंगारे झाले, शिंगणापूरला शनीला तेल वाहून झालं. मग काष्टीच्या एका डॉक्टरनं चिठ्ठी दिली. नगरला मुंबईहून शिकून आलेली एक बाई हाय, ती असल्या पोरांच्या हाताला काम शिकवती, तिच्याकडं जा. मी म्हनलं, काम शिकवून पोरीला खडी फोडायला धाडायची का? कारभारी म्हनला, आक्का, तू गप बस. पन यष्टीत हौसाला माझ्याबिगर कुनाला सावरता यायचं न्हाई, तवा मला न्यावंच लागलं.

त्या बाईचं आडनाव गायकवाड. गायकवाड सगळ्या जातींत असत्यात. मी गळ टाकून पाह्यला, गाव कंचं, देव कंचा, घरी कोन कोन. तिनं गाव सांगितलं अन् बाकीचं हसन्यावारी नेलं. म्हनजे लपवायसारखं कायतरी हाय, हे मी मनात धरलं. खोलीत बघावं तर लाकडाच्या खुंट्या, मनी, चिंध्यांचे चेंडू. सुई न्हाई, बाटली न्हाई. औषिध न देनारा हा कसला दवाखाना? तिनं हौसाला भिंतीच्या कोपऱ्यात बसवलं, दोन्ही अंगाला पोत्याचे लोड लावले, अन् पोर खरंच बसली. राही रडायला लागली. मला वाटलं, खेळवाला पैला खेळ असाच फुकट दाखवतो, गर्दी जमली की मग थाळी फिरवतो.

मुठी उघडाव्या म्हनून तिनं पिठाचे गोळे सांगितले, त्यावरनं मी तिथंच तोंड सोडलं. बाई म्हनली, आत्याबाई, चूक माझी, पीठ नको, चिखल द्या. म्हनजे मी बोलले नसते तर पीठ गेलंच हुतं, बघा.

तिसऱ्या खेपेला तिचा खरा डाव बाहेर पडला.

"आता हिला कोणीही भरवायचं नाही," ती म्हनली. "ताटात भाकरीचे तुकडे ठेवा आणि लांब बसा. भूक लागली की हात उचलेल. सांडू दे, रडू दे."

राही मान डोलवत हुती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लोकं सरकारी वाटपातली सांडलेली सुकडी मातीतनं येचून खात्यात, अन् ही सांडायला सांगती! पोरीला उपाशी ठेवायची, ती खंगली की दवाखान्यात ठेवून घ्यायची, अन् मग कुठं धाडायची कुनास ठावं. असली पोरं परदेशात नेत्यात, असंबी मी ऐकलं हुतं. कुनाकडनं ऐकलं ते इचारू नका.

कारभारी अन् राही दिस उगवायला पाझर तलावाच्या कामावर जायची. घरी मी अन् हौसा. जाताना राही बजावायची, वन्सं, ताट म्होरं ठेवा अन् हात लावू नगा. मी व्हय म्हनायची. ती बांधाच्या पल्याड गेली, की हौसाचं डोकं मांडीवर घ्यायची अन् पान्यात कुस्करलेली भाकर पोटभर भरवायची. मग ताटाभवती चार कन सांडून ठेवायची. सांजच्याला राही ते कन बघून हरखायची, म्हनायची, आज लई झटलेली दिसती पोर. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी ताट उचलून घासायला न्यायची.

होळी झाल्यावर आमी परत नगरला गेलो. बाईनं हौसाम्होरं ताट ठेवलं. पोरीनं ताटाकडं बघितलंबी न्हाई. माझ्याकडं तोंड करून चिमनीच्या पिलावानी आ केला. बाईनं ते पाह्यलं. हौसाचं कोपर वाकवून बघितलं, मूठ उघडून बघितली, अन् म्हनली, हात तर तयार झालाय, मग उचलत का नाही? घरी कोण भरवतं, असं तिनं आमाला तिघांनाबी इचारलं, पन नजर माझ्यावर. चोराच्या मनात चांदनं, मी उगाच पदर सारखा केला.

राहीनं हौसाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कुनी भरवत न्हाई, रोजचे सांडलेले कन मी सोता बघती, म्हनली. बाईनं वहीत कायतरी लिवलं. मग हळू आवाजात सांगितलं, की तसं असेल तर डोक्यातूनच हाताला हुकूम जात नसावा. माझ्याकडून पुढं काही होईलसं वाटत नाही. बाहेर दुसरी पोरं खोळंबलीत, तुम्ही उगाच रोजगार बुडवून येऊ नका.

मला पायजे ते झालं हुतं. मी मनात म्हनलं, सुटलो एकदाचं. अन् राहीकडं बघितलं. ती रडत नव्हती. तिनं बाईला एवढंच इचारलं,

"बाई, आमी तिघं मेल्यावर हिला घास कोन घालंल?"

बाईनं वही मिटली. साऱ्या जगाचा संशेव घेतला मी, पन ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाबी आली नव्हती. अन् पोरीच्या डोक्यावर खोटी शपथ पडली हुती, ती माझ्यापायी.

"मी भरवती," मी म्हनलं. "रोज. ते कनबी मीच सांडती."

कारभारी हात उगारून अंगावर आला. बाई मधी पडली. ती मला रागं भरली न्हाई, त्याचंच मला जास्त लागलं. तिनं सांगितलं, आठ दिवस आत्याबाईंनी कामावर जावं, राहीबाईंनी घरी राहावं, मग या. राही यष्टीत माझ्याकडं पाठ करून बसली.

मी मातीच्या पाट्या वाहू लागले. सांजच्याला घरी यावं तर राही म्हनायची, खाल्लं तिनं. बास, एवढंच. ताटाभवती कन असायचे. पन कन मीबी सांडलेच हुते की! माझ्या मनानं घेतलं, ही खोटं बोलती, लपून भरवती, अन् आता ती घासाची मालकीन झाली. पाचव्या दिशी दुपारच्या सुट्टीत पोटात दुखतंय म्हनून मुकादमाला सांगितलं अन् चोर धरायला घराकडं पळाले. मागच्या खिडकीतनं आत बघितलं.

हौसा कोपऱ्यात, लोडांच्या मधी, रडून डोळे सुजलेले, नाक गळतंय. राही तिच्याम्होरं बसली हुती. तिनं आपले दोन्ही हात मांड्याखाली दाबून धरले हुते, उठू नयेत म्हनून. हौसानं तुकडा धरला, पडला. परत धरला, तो गालाला लागला. तिसऱ्यांदा तोंडात गेला अन् तिनं तो चावला.

मला राहवलं न्हाई. मी पळत आत गेले. राही "वन्सं, नगा" म्हनूस्तवर मी ताटातला तुकडा उचलून पोरीच्या तोंडाम्होरं धरलाबी हुता. हौसानं माझ्याकडं बघितलं. मग तिनं हात उचलला अन् माझा हात बाजूला सारला. चांगला जोरात. अन् परत ताटात चाचपायला लागली.

मला रडू फुटलं. आनंदाचं हुतं असं मी म्हननार न्हाई, निदान सगळं तरी न्हाई. तुकडा माझ्या हातात तसाच हुता. राहीनं पाच दिसांत पैल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"वन्सं," ती म्हनली, "तो तुमी खावा."

मी तिथंच हौसाच्या शेजारी बसले अन् खाल्ला.