पाचवी काडी

"इली गो इली! तिसरी काडी इली!"

पडवीच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं आणि बंगल्यापुढच्या खळ्यातला माणूस न् माणूस ताडकन उभा राहिला. मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढले. बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्याने चपला काढून डोक्यावर धरल्या. पायरीशीच, सगळ्यांच्या गराड्यात गोदूबाई बसली होती. तिच्या मांडीवर काळा लॅपटॉप होता आणि त्याच्या कोपऱ्यात सिग्नलच्या तीन हिरव्या काड्या पेटल्या होत्या.

"पाहा, माते!" सागरनाथ महाराज गरजले. "तुझा पुत्र लहरींवर आरूढ होऊन येत आहे! विश्व म्हणजे काय? लहरी! देह म्हणजे काय? लहरी! तिसऱ्या लहरीपर्यंत तो आला. आता तू काय त्यागणार?"

गोदूबाईने डोळे पुसले. "भात सोडलंय, माशे सोडलंय. आता सुई सोडतंय, महाराज."

मी गर्दीच्या कडेला उभी होते. सुई म्हणजे इन्सुलिन.

मी मूळची वैभववाडीची. मिठबावच्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवत होते आणि गोदूबाईच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहत होते. तिचा मुलगा सुदेश गोव्यातल्या 'सागरपक्षी' नावाच्या हॉटेलात कामाला होता. २००९च्या नोव्हेंबरात तो सुट्टीला आला, मामाच्या होडीवरून समुद्रात गेला आणि त्याच दिवशी वादळ झालं. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. सुदेश आला नाही. घरी राहिली त्याची बायको उर्वशी, आई आणि त्याचा हा लॅपटॉप.

महाराज त्यानंतर महिन्याभराने उगवले. एका मुंबईकराचा बागेतला बंगला त्यांनी भाड्याने घेतला. दर्यात हरवलेल्यांची 'खूण' आणून देतो, असं ते सांगत. सोबत प्रितेश नावाचा शिष्य होता. डोळ्यांवर चष्मा, अंगात भगवी कफनी आणि खिशात पेन ड्राइव्ह.

गोदूबाईने सुदेशचा लॅपटॉप तिकडे नेला त्या दिवशी उर्वशीही सोबत होती. लॅपटॉप सुरू होताच पडद्याच्या कोपऱ्यात फुगा उमटला : जोडणी झाली. खाली इंग्रजी अक्षरांत जाळ्याचं नाव होतं, 'सागरपक्षी स्टाफ'. उर्वशी जागच्या जागी बसली. ती सुदेशसोबत त्या हॉटेलात राहून आली होती. ते नाव तिने तिथे रोज पाहिलं होतं. गोव्यातल्या हॉटेलाचं वाय-फाय मिठबावच्या आंब्याच्या बागेत? जिथे मोबाइलला रेंज मिळवायला टेकावर चढावं लागे तिथे?

त्या दिवशी एकच काडी होती. महाराज म्हणाले, तो दूर आहे, त्याग कर, जवळ येईल. पाचवी काडी आली की दारात उभा राहील.

आणि काड्या वाढत गेल्या.

सुई सोडल्यावर चारच दिवसांत उर्वशी शाळेत माझ्याकडे आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. खिडकीपाशी जाई, परत येई, पदराचं टोक बोटाला गुंडाळी.

"बाई, आये सुई घेणा नाय. पाणी पिता नि पिता. काल चुलीकडे भोवळ येवन पडली. देवगडचे डॉक्टर म्हणतत, असाच चालला तर वाचाची नाय. मी बोलाक गेलंय तर म्हणता, तुका सुदेश नको आसात, माका माझो झील होयो."

"उर्वशी, तो माणूस फसवतोय."

"खोटा आसा म्हणान लगेच सांगू नकात." तिचा आवाज चिरला. "आदी बघा. ता नाव तेनी खंयसून आणला? माका सांगा ना, खंयसून?"

ते नाव त्याने कुठून आणलं, हाच प्रश्न माझ्याही डोक्यात राहिला. ती गेल्यावर तास घेताना माझं लक्ष लागेना. फळ्यावर एक लिहायचं तर दुसरंच लिहीत होते. 'फसवतोय' म्हणणं सोपं होतं. कसं फसवतोय ते कळल्याशिवाय त्या आईसमोर उभं राहण्यात अर्थ नव्हता.

मी पहिल्यापासून विचार करायला बसले. लॅपटॉप वाय-फायला आपोआप जोडला जातो म्हणजे नेमकं काय होतं? त्यातलं सॉफ्टवेअर पूर्वी वापरलेल्या जाळ्यांची नावं लक्षात ठेवतं. आणि सुदेशच्यासारखे त्या वेळचे लॅपटॉप नुसते गप्प बसत नसत. सुरू झाले की ते हवेत त्या नावांनी हाका मारत : 'सागरपक्षी स्टाफ' आहेस का? आहेस का?

हाका मारत! मी उठूनच उभी राहिले. म्हणजे ते नाव महाराजांना ठाऊक असायची गरजच नव्हती. ते लॅपटॉपच सांगत होता. कुणीतरी फक्त कान देऊन ऐकायचं आणि 'हो, मीच तो' म्हणायचं.

काड्यांचं काय? त्यासाठी मी डोळे मिटून महाराजांचं अंगण आठवलं. पहिल्या वेळी गोदूबाई खळ्याच्या टोकाला, आंब्याखाली बसली होती. पुढच्या वेळी खळ्याच्या मधोमध. तिसऱ्या वेळी पडवीच्या पायरीशी. दर त्यागाला बढती मिळत होती आणि दर बढतीला ती बंगल्याच्या आणखी जवळ जात होती. शेकडो माणसं बघत होती आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर होते.

पुढच्या दर्शनाला मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. आदल्या दिवशी त्यातली जुनी सगळी नावं मी पुसली होती आणि जगात कुठेच नसलेलं एक जाळं हाताने भरलं होतं, बिनपासवर्डचं.

गोदूबाईला त्या दिवशी माजघरात बसवलं होतं. चार काड्या. तिचे ओठ कोरडे पडले होते, मान कलत होती, आणि ती हसत होती. ते हसणं मला बघवेना.

"महाराज, माझा भाऊ हरिश्चंद्र," मी हात जोडून म्हटलं. "बोटीवर होता. त्याचा हा लॅपटॉप."

"त्या आंब्याखाली बैस, कन्ये. प्रथम लहर दुरूनच येते."

मी बसले. लॅपटॉप सुरू केला. माझा तर्क चुकला तर या गर्दीसमोर गोदूबाईचा विश्वास मीच पक्का करणार होते. क्षण गेले. मग फुगा उमटला, कोपऱ्यात एक काडी.

प्रितेश वाकला. वाचताना अडखळला. "बां... बांगडो?"

कुणीतरी खुदकन हसलं. महाराज डगमगले नाहीत. "बांगडो! ऐका हो, ऐका! सागरात विलीन झालेला हा जीव मत्स्यरूपाने बोलत आहे! हरिश्चंद्रा, ये बाळा, ये!"

"महाराज," मी उभी राहिले, "मला भाऊच नाही."

पडद्यावर वाकलेल्या माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बांगडो नावाचं जाळंही कुठे नाही. काल मी ते नाव यात लिहिलं. माझा लॅपटॉप त्या नावाने हाका मारत होता आणि इथलं कुठलं तरी यंत्र कुठल्याही हाकेला ओ देतंय. सुदेशच्या हॉटेलच्या जाळ्याला पासवर्ड नव्हता. असता तर 'मीच तो' म्हणणाऱ्याला आपल्याला ते गुपित माहीत असल्याचं सिद्ध करावं लागलं असतं. इथे कुणी पुरावाच मागत नाही. एक विचारतो 'तू तोच का?', दुसरा म्हणतो 'हो', आणि जोडणी होते."

"पाखंड!" महाराज ओरडले. "मग काड्या का वाढतात?"

"चला, बघू."

मी लॅपटॉप हातावर धरून चालू लागले. पायरीशी तीन काड्या झाल्या. पडवीत चार. लोक मागोमाग येऊन पडद्यावर वाकू लागले. मी उलट फिरून आंब्याखाली गेले; पुन्हा एक. "मी काय सोडलं?" मी विचारलं. "सकाळी भाकरी न् सुकटही खाऊन आले आहे!"

आता लोक हसले, आणि त्या हसण्यात राग होता. प्रितेश आत पळाला. पण त्याच्याआधी कुणीतरी आत गेलं होतं. उर्वशी.

मी धावले. देवघराचा भगवा पडदा तिने ओढून काढला होता. मागच्या खोलीत बॅटरी होती, तिला जोडलेला लॅपटॉप होता आणि हातभर लांब एरियल भिंतीला टेकवलेला होता. मी हातातला लॅपटॉप पुढे केला. पाच काड्या.

उर्वशी त्या पाच काड्यांकडे बघत राहिली. तिच्या हातात एरियलची वायर होती. मला कळलं, हे तिनेच करायला हवं. मी बाजूला सरले.

तिने वायर खेचली.

माजघरातून गोदूबाईची किंकाळी आली. तिच्या पडद्यावरचं नाव गेलं होतं, काड्यांवर लाल फुली आली होती. ती उर्वशीच्या अंगावर धावली, छातीवर बुक्क्या मारत राहिली. "मारलंस! माझ्या झीलाक मारलंस गो तू!"

उर्वशीने तिचे हात धरले नाहीत. मारू दिलं. "आये, तो दर्यात गेलो. तो हयसर कधी येवकच नाय. इलो असतो तर मी सोडलंय असतंय तेका?"

मग दोघी जमिनीवरच बसल्या आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

लोकांनी महाराजांना बागेच्या फाटकापाशी अडवलं. पण जाणत्यांनी कुणाला त्यांच्यावर हात टाकू दिला नाही. पोलीस आले, तक्रार उर्वशीने स्वतः दिली. गोदूबाई त्या संध्याकाळी देवगडच्या दवाखान्यात दाखल झाली. नर्स सुई घेऊन आली तेव्हा तिने तोंड भिंतीकडे वळवलं, पण हात पुढे केला.

नंतर कित्येकांनी मला विचारलं, गोदूबाईसारखी एवढी शहाणी बाई कशी फसली? शहाणपणाचा प्रश्न नव्हता. ती ज्या नावाने दिवसरात्र हाका मारत होती, त्या नावाला कुणीतरी ओ दिली. दुःखातला माणूस नेमकं काय ऐकायला आतुर आहे ते त्याच्या तोंडूनच कळतं. भोंदू तेवढंच परत ऐकवतो. म्हणून हात जोडण्याआधी एवढंच करा : त्याला असं काही विचारा, जे नाहीच. त्यालाही तो 'हो' म्हणाला, तर समजा की त्याचं आधीचं 'हो'सुद्धा तसलंच होतं.