जांभळा भुसा

"चांगल्या माठाला भोक पाडलंस?" दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून अंगणात उभी. "कालेजात योच शिकवला काय गो?"

सुनेने सासूला रसायनशास्त्र सांगावं, तर सासूने माठ डोक्यात घालावा. सुनयनाने भोकात नारळाची शेंडी कोंबली, त्यावर तुसाची राख पसरली, वर नवऱ्याने कळंबोलीच्या वखारीतून फुकट आणलेला लाकडाचा भुसा दाबला आणि विहिरीच्या पाण्याचा हंडा ओतला.

पाणी जांभळं होतं. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्याचा नाला शेताच्या कडेने आला आणि दोन पावसाळ्यांत विहिरीने रंग धरला. तान्ह्या ज्ञानेश्वरीला त्यात न्हाऊ घातलं की मांड्यांवर चट्टे उठत, पोर रात्रभर किंचाळे. सुनयना दिवा धरून एकेक चट्टा बघत बसे.

सरपंच सिताराम म्हणे, "शेवाल हाय ते. जुन्या बावीला येतंच."

म्हणणारच. कारखान्याला माणसं पुरवायचा ठेका त्याचा. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. त्याच्या स्वतःच्या घरी पाणी वाशीहून कॅनमधून यायचं. शेवाळाची त्याला भारी किळस असावी.

माठाखाली थेंब थेंब पाणी साचलं. दुर्गाबाई वाकली. पातेल्याचा तळ दिसत होता.

"गेला की गो रंग! दे पोरीला प्यायला."

"नाही आई. डोळ्यांना दिसतं ते गेलं. न दिसणारं काय राहिलं, कोण सांगणार? हे फक्त अंघोळीला. प्यायला लांबच्या नळाचंच आणायचं."

"शिकलेल्याचा जीव घाबरट," दुर्गाबाई फणकारली. पण पोरीचे चट्टे सुकायला लागले तशी विहिरीवरून हंडे आणून माठात तीच ओतू लागली. शेजारची सुंदराबाई हसली, तर तिला म्हणाली, "हसतंस काय? तुजे सुनंला चा तरी येतो काय नीट?"

भुसा मात्र दर आठवड्याला जांभळा होई. शेतात टाकावा, तर रंग पुन्हा विहिरीतच. सुनयना तो वाळवून पोत्यांत भरून पडवीत ठेवी.

माघात कारखान्याने देवळापुढे सिमेंटची दोन बाकं दिली. पाणी नासवलं, पण बसायची सोय केली. मॅनेजरसाहेब येणार म्हणून सिताराम सकाळी धावत आला. "रांगोली कमी परली. तुमचे परवीत रंग हाय ना?"

सुनयना दारात आडवी आली. "सरपंच, तो विहिरीतून काढलेला रंग आहे. अंगाला लागला तर खाज सुटेल."

"बावीत रंग नाय, शेवाल हाय!" त्याने पोतं उचललं. "शिकली म्हनून लय शहानी झालीस. आमाला नको शिकवू."

"न्या तर मग शेवाळ," ती म्हणाली. "पोरांना हात लावू देऊ नका तेवढं."

त्याने आपल्या माणसांकडून देवळाच्या पायरीपर्यंत जांभळा गालिचा घालून घेतला आणि भुसा उडू नये म्हणून वरून पाण्याचा सडाही मारायला लावला. एवढी अक्कल कारखान्याने बघून ठेवली असती, तर त्याला मॅनेजरच केलं असतं.

साहेब आले. देवळापुढे बूट काढले आणि पांढऱ्या मोज्यांनी गालिच्यावरून चालत निघाले. "वा, सरपंच! इतका पक्का रंग मिळवला कुठून?"

सितारामची मान गर्वाने वर झाली. पण उत्तर बायकांतून आलं.

"तुमचाच हाय, सायेब." दुर्गाबाई पदर खोचून पुढे आली. "आमचे बावीतना ही माजी सून रोज गालून काडते. सरपंच म्हनतान शेवाल हाय. म्हना ना वो सरपंच, शेवाल हाय म्हनून!"

गावाने आधी सितारामकडे पाहिलं, मग साहेबांच्या पायांकडे. मोजे घोट्यापर्यंत जांभळे. साहेबांनी एक पाय उचलला, दुसरा उचलला; दोन्ही एकदम काही उचलता येईनात. देवळाच्या पायरीवरून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सारं गाव.

"धुतलं की निघेल," साहेब पुटपुटले.

"निघत नाय, सायेब. माजे नातीचं लंगोट बघा."

बाकांवर कोणी बसेना. कोणी पाणी मागितलं, मग सगळ्यांनीच मागितलं. साहेबांना गाडीत बसायची घाई. "टँकर पाठवतो, उद्यापासून," म्हणाले आणि बूट हातात घेऊन निघाले.

टँकर खरंच आला. पाणी नितळ होतं. पहिला हंडा सितारामच्या सुनेने भरला, दुसरा दुर्गाबाईने. तो डोक्यावर घेऊन ती थेट अंगणात आली आणि माठापाशी थांबली.

"ओतू काय गो यात?"

"ओता," सुनयना म्हणाली. "नितळ दिसलं म्हणून काय झालं? दिलंय कोणी, ते बघा ना."