माझी बोडकी बाजू

मित्रांनो, मी एक जुना ख्रिसमस ट्री आहे. झाड म्हणवतो, पण मला मूळ नाही आणि माझ्यावर कधी पाखरू बसलं नाही. कारखान्यात तारेला हिरवं प्लॅस्टिक पिळून मला बनवलं.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत मी आलो. त्याआधी तिथं दर नाताळला सुरूची फांदी तोडून आणत. माझं खोकं उघडताना बाई म्हणाल्या, "आता झाड तोडायला नको." मी अगदी फुशारून गेलो. सहा नाताळ चांदण्या मिरवल्या. मग माझा एक पाय मोडला आणि मला कचऱ्यात काढलं. हातभर सुतळीने काम भागलं असतं, याचा मला अजून राग येतो.

त्याच शाळेत शिकणाऱ्या सृष्टीने मला घरी नेलं. तिची आजी मायाक्का शेळ्या पाळते. पूर्वी नाताळ सरला की शाळेतली सुरूची फांदी तिच्या गोठ्यात खुंटीला टांगली जाई. करडं पाला ओरबाडून खात, उरलेलं लाकूड चुलीत जाई. सृष्टीने मला त्याच खुंटीला टांगलं, शोभेसाठी.

"आगं, हिरवं दिसलं की करडं त्वांड घालत्यात," मायाक्का म्हणाली.

"आज्जे, पिलास्टिक हाय की! त्ये कोन खातंय?"

चैत्रात बाहेर हिरवं काही उरलं नाही. ठिपकी हे सृष्टीचं लाडकं करडू. ती रोज माझी पाती कुरतडू लागली. मला ओरडता येत नव्हतं. तिचं पोट फुगलं, चारा सुटला. तिसऱ्या दिवशी ती सृष्टीच्या मांडीवरच गेली.

"माज्यामुळं झालं न्हवं, आज्जे?"

मायाक्काने ठिपकीच्या ओठाला चिकटलेलं माझं एक पातं काढून टाकलं. ठिपकी मातीत मिसळून जाईल. तिच्या पोटातली माझी पाती मात्र तशीच राहतील.

सृष्टीने माझा पाय सुतळीने बांधला, मला शाळेत परत नेलं आणि बाईंना सगळं सांगितलं. मित्रांनो, खरं झाड आणा किंवा माझ्यासारखं. पण नाताळ सरल्यावर ते कुठं जाणार, हे आधी विचारा. आणि मला आणलंच आहे, तर वर्षानुवर्षं वापरा.

यंदा मी पुन्हा वर्गात उभा आहे. ठिपकीने खाल्लेली बोडकी बाजू बाईंनी भिंतीकडे केली होती. सृष्टी आली आणि तिने ती पुढे फिरवली.