लाल एप्रन

मोठ्या सिस्टरांनी लाल एप्रन चढवला की वॉर्डात कुणी त्यांच्याशी अवाक्षरही बोलायचं नाही. नियम त्यांनीच घातलेला. औषध भरताना कुणी मधे तोंड घातलं की डोस चुकतो, हे खरंच होतं. पण दरारा असा, की डॉक्टरसुद्धा त्या एप्रनला वळसा घालून जात.

नवी नर्स काल मधेच बोलली आणि सगळ्यांसमोर बोलणी खाऊन बसली. आवाज बारीक म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. कालपासून तो आवाजही बसला होता.

आज सकाळी खिडकीपाशी झोपणाऱ्या, मधुमेहाच्या आजोबांना ऊन सोसेना. दारापाशी होते मास्तर, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले. त्यांना ऊन हवं होतं. दोघांनी गळ घातली आणि चिमणीने त्यांच्या खाटा बदलून दिल्या. सांगायला गेली, तर समोर लाल एप्रन. बिचारी मूग गिळून परत आली.

आता सिस्टर आजोबांचं इन्सुलिन भरून निघाल्या, त्या थेट खिडकीकडे. पेशंटच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचायची त्यांना गरज वाटत नसे. वॉर्ड तोंडपाठ होता ना! खाटेवर मास्तर डोळे मिटून पडले होते. उपाशीपोटी ते इन्सुलिन गेलं असतं, तर साखर झरकन उतरून माणूस हातचा गेला असता.

चिमणीच्या पाचावर धारण बसली. बोलावं, तर खाटा कुणी बदलल्या ते निघणार, आणि नोकरी अजून कच्ची. सिस्टरांनी मास्तरांची बाही वर सारली.

"थांबा!"

सिस्टर गर्रकन वळल्या. "एप्रन दिसत नाही तुला?"

"दिसतोय. पण हे आजोबा नाहीत, सिस्टर. मी खाटा बदलल्या. चूक माझीच आहे. आधी पट्टी वाचा."

सिस्टरांनी पट्टी वाचली. पुन्हा वाचली. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मास्तरांची बाही खाली ओढली.

"न सांगता खाटा बदलल्यास, त्याचं नंतर बघते," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण आत्ता काय ओरडलीस, ते परत म्हण. सगळ्यांना ऐकू दे. हा एप्रन अंगावर असला, तरी तेवढा एक शब्द मला ऐकवायचाच."

"थांबा," चिमणी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "झालं टोचून? कळलंसुद्धा नाही हो!"