डाव्या हाताची कात्री

मी कात्री बोलतेय. पट्ट्या कापणारी, टोकाला बोथट, पण तोंडानं फटकळ. आधीच सांगते, मी कुणाला माफबिफ करायला बसलेली नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका छावणीतला. लढाईतून जीव घेऊन पळालेली माणसं तिथं तंबूत राहायची आणि माझी सिस्टर, म्हणजे इथल्या दवाखान्यातली नर्स, दोन वर्षं बिनपगारी त्यांच्या सेवेला आली होती. तिथल्या एका लोहाराच्या मुलीचा पाय तिनं वाचवला. लोहारानं पाहिलं, बाई डावखुरी आहे आणि उजव्या हाताच्या कात्रीशी झगडतेय. त्यानं मोडक्या गाडीच्या पोलादातून मला घडवलं, पाती उलटी बसवून. डाव्या हातात मी सरसर चालते. उजव्या हातात धरलंत, तर कापड पात्यांत नुसतं दुमडतं.

तिथं ट्रक भरभरून जखमी यायचे. आधी कुणाला हात लावायचा, हे ती एका नजरेत ठरवायला शिकली. हातमोजे संपायचे, म्हणून तेही धुऊन वाळवून वापरायची.

छावणीला निघताना इथल्या मेट्रनबाई, सगळ्या नर्सेसच्या वरिष्ठ, म्हणाल्या होत्या, "जा गं बिनधास्त, तुझी जागा कुठं पळून जात नाही." नाहीच पळाली! बाईंच्या भाचीनं ती अडवली.

परतल्यावर सिस्टरकडून चूक झाली. सवयीनं तिनं वापरलेले हातमोजे धुतले आणि ओळीनं वाळत घातले. बाईंनी ते वॉर्डभर नाचवले. "ही छावणी नाही! असल्या हातात मी पेशंट देणार नाही. आणि ती दोन वर्षं नोकरीत धरायची नाहीत, ती तुझी हौस होती."

सिस्टरनं चूक कबूल केली, तरी रवानगी चादरींच्या खोलीत. वर तिचा छावणीतला फोटो दवाखान्याच्या दारातच लावला, हा एवढा मोठा! फोटोला मान आणि सिस्टरला चादरी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

घरी लेक म्हणायची, "आई, भांड ना त्यांच्याशी!"

"भांडून काय होतं?"

अगं, बरंच काही होतं! पण माझं ऐकतंय कोण?

मग नवा इमर्जन्सी वॉर्ड तयार झाला. सिस्टरचा जीव त्यातच होता, कारण छावणीत शिकलेलं सगळं इथंच उपयोगी पडणार होतं. इन-चार्ज मात्र भाचीच होणार होती. उद्घाटनाचा मान मेट्रनबाईंना मिळाला आणि त्यांना काय सुचावं? फीत म्हणे छावणीतल्या कात्रीनं कापायची.

"बाई, ती कात्री जरा..." सिस्टर सांगायला गेली.

"कळतं मला कात्री धरायला!"

इतकी वर्षं सोबत काम केलं, पण सिस्टर डावखुरी आहे हे बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं.

"ही आमच्या सेवेची निशाणी!" माईकवर बोलून बाईंनी मला उजव्या हातात धरलं. फीत दुमडली. पुन्हा दुमडली. लोक खुसखुसले. तिसऱ्यांदा बाईंनी रागानं हिसका दिला आणि त्यांच्या बोटाची कातडी माझ्या पात्यांत आली. मी काय सोडतेय!

"कात्री कुणाची आहे?" दवाखान्याच्या अध्यक्षांनी विचारलं. सिस्टर पुढं झाली, मला डाव्या हातात घेतलं. खच्च! फीत खाली.

"तुम्ही कुठल्या वॉर्डला असता?"

"चादरींच्या खोलीत."

माईक चालूच होता. अध्यक्षांनी एकदा दारातल्या फोटोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. भाचीच म्हणाली, "मावशी, मी सांगत होते ना, हे मला झेपायचं नाही. यांनाच द्या."

आता वॉर्ड सिस्टरचा आहे. पहिल्याच दिवशी बाई सुजलेलं बोट घेऊन आल्या.

"खूप दुखतंय का, बाई?" सिस्टरनं हळुवार विचारलं. ती तशीच आहे, भोळी.

"हो गं," बाई खाली बघत म्हणाल्या.

मी पट्टी कापली आणि मनात म्हटलं, कमीच दुखलं.

तेव्हा बाबांनो, बायांनो, बाहेर सेवा करून आलेल्यांच्या गळ्यात हार घालू नका, हातात काम द्या. त्या बिचाऱ्या बोलत नाहीत. पण त्यांच्या खिशात मी असते.