दोन आणि चारची अदलाबदल

वहिनीला ही नोकरी ताईनंच लावून दिली होती, त्यामुळे बोल लावायलाही दुसरं कुणी नव्हतं.

भूकंपाच्या नोंदी साठवणाऱ्या त्या केंद्रात जागा निघाली, तेव्हा तीच दादाला, धाकटा असूनही घरात दादाच म्हणवणाऱ्या आपल्या भावाला, म्हणाली होती, "घरी बसून कंटाळते ना तुझी बायको, पाठव इकडे." वहिनी आली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तिला 'ताई' म्हणाली. आठवडाभरात साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळी इमारत तिला ताई म्हणू लागली. इतकी वर्षं ती तिथे मॅडम होती. एका हाकेत वहिनीनं तिला घरच्या माणसांत आणून बसवलं, आणि वर लोक म्हणायचे, किती गोड आहे हो तुमची भावजय.

तळघरातली टेपची खोली मात्र अजून ताईच्या ताब्यात होती. तिथे कपाटाएवढं एक यंत्र होतं. आत टेपांच्या रांगा, एकावर एक चार ड्राइव्ह आणि मधून वरखाली सरकणारा एक यांत्रिक हात. हात टेप उचलून ड्राइव्हमध्ये सरकवायचा आणि बॅकअपच्या तीन सर्व्हरपैकी ज्याची पाळी असेल तो तिच्यावर जमिनीचे हादरे लिहून काढायचा. चारही ड्राइव्ह तिघांत सामाईक. एका न्हाणीघरावर तीन बिऱ्हाडं असावीत तसा मामला. आत कोण आहे हे बाहेरच्याला नीट कळलं नाही तर पंचाईत.

म्हणून यंत्रात काहीही बदललं की तपासणी आली. पहिला सर्व्हर ज्याला दोन नंबरचा ड्राइव्ह म्हणतो, त्यालाच बाकीचे दोघंही दोन नंबर म्हणतात ना? ताईची पद्धत सरळ होती. एकेका ड्राइव्हमध्ये कोरी टेप घालायची आणि प्रत्येक सर्व्हरपुढे बसून बघायचं, याला टेप कुठे दिसतेय. सकाळ सगळी त्यात जायची. वहिनीनं त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तिन्ही सर्व्हरवर भरून ठेवलेली ड्राइव्हच्या नंबरांची माहिती तो ओढून आणायचा, एकमेकींशी ताडून बघायचा आणि चहा गाळून होईपर्यंत निकाल द्यायचा. साहेबांनी तो बैठकीत पडद्यावर दाखवला. "याला म्हणतात डोकं," ते म्हणाले. ताईनं टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच.

घरी तरी वेगळं काय होतं? पूर्वी दादाचा फोन अडला की तो तिच्याकडे धाव घ्यायचा. आता सोफ्यावरूनच म्हणायचा, "राहू दे ग, ही बघेल."

आणि आता खोलीही जायची वेळ आली होती. टेपच्या खोलीला स्वतंत्र प्रमुख नेमायचा होता, आणि दोघींपैकी कोण ते साहेब शुक्रवारच्या चाचणीनंतर ठरवणार होते. आदल्या दिवशी मेकॅनिकनं एक बिघडलेला ड्राइव्ह बदलला होता. शुक्रवारी दुपारी तिन्ही सर्व्हर एकदम कामाला लावून सगळं सुरळीत आहे की नाही ते बघायचं होतं. वहिनीच्या प्रोग्रॅमनं सकाळी सकाळीच निर्वाळा दिला: सगळं जुळतंय.

ताई तरीही खाली गेली. कुणी सांगितलं नव्हतं. सवयच म्हणा, किंवा मनात काहीतरी खुपत होतं म्हणा. पहिला सर्व्हर ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्यापुढे बसून तिनं यांत्रिक हाताला दोन नंबरच्या ड्राइव्हमध्ये टेप घालायला लावली, आणि तिसरा सर्व्हर म्हणाला, टेप चारमध्ये आहे.

तिनं पुन्हा करून पाहिलं. परत तेच. मग ड्राइव्हच्या अंगावर कोरलेले क्रमांक सर्व्हरला दिसणाऱ्या क्रमांकांशी ताडून पाहिले, आणि उलगडा झाला. ड्राइव्ह बदलल्यावर तिसरा सर्व्हर बंद करून चालू केला होता. चालू होताना त्यानं ड्राइव्हना नव्यानं नावं वाटली आणि दोनचं चार, चारचं दोन करून ठेवलं. भरून ठेवलेली माहिती मात्र जुनीच होती. वहिनीचा प्रोग्रॅम वाचत होता ती माहिती. ड्राइव्हला कुणी विचारलंच नव्हतं.

ताईला मनातून इतकं गोड वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पण उठून वर काही ती गेली नाही. तिनं नीट विचार केला, विज्ञान शिकलेल्या माणसानं करावा तसा. चाचणीला टेपा कोऱ्या आहेत, तेव्हा नोंदींना धक्का नाही. तिसरा सर्व्हर अडेल, पडद्यावर लाल ओळी येतील, बस्स. त्या लाल ओळी साहेबांनी एकदा डोळ्यांनी बघाव्यात, एवढंच तिला हवं होतं. तिनं टेप जागेवर ठेवली, खोलीला कुलूप लावलं आणि डबा खाल्ला. डबा फार छान लागला.

दुपारी साहेब खाली आले. वहिनी आधीच येऊन उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

"एक मिनिट, सर. ताई, तुम्ही हातानं बघितलंत ना?" वहिनी तिच्याकडे वळली. "माझा प्रोग्रॅम म्हणतोय जुळतंय. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी बटण दाबणार नाही."

हे ताईच्या हिशेबात नव्हतं. आता 'हो' म्हणायचं म्हणजे लाल ओळी दोघींच्या नावावर.

"तिसऱ्यावर दोन आणि चारची अदलाबदल झालीय," ती म्हणाली.

"कधी कळलं?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी."

"सकाळी? मग आत्तापर्यंत काय करत होतात?"

ताईनं तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. "मीच म्हटलं होतं सर, काही सापडलं तर मला लगेच सांगू नका, मला माझं शोधू दे. म्हणून थांबल्या त्या."

साहेबांचा चेहरा निवळला. ताईनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या चेहऱ्यावर ना डाव होता, ना उपकाराचा तोरा. तेच सहन होईना. हुशारी तिची, कौतुक तिचं, दादा तिचा, आणि आता मोठं मनही तिचंच. ताईला खोली मिळायची तीही हिच्या थापेवर.

"खोटं बोलतेय ती," ताई म्हणाली. "मला काही सांगितलं नव्हतं तिनं. मीच गप्प बसले. चाचणी फसावी म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सोमवारपासून खोली तुमच्या वहिनी बघतील," ते शेवटी म्हणाले. "हातानं तपासणी मात्र तुम्हीच करायची. त्यांच्या हाताखाली. जमेल?"

"जमेल."

ते गेल्यावर वहिनी खुर्चीत मटकन बसली. "कशाला बोललात, ताई? मिटलं होतं ना सगळं."

"तू मिटवलं होतंस. तुझ्या मेहेरबानीवर चालवू खोली?"

"तुम्ही ना, अगदी यांच्यासारख्या आहात. पडतील, पण हात धरू देणार नाहीत."

"तो माझ्यासारखा आहे," ताई म्हणाली. "मी आधी जन्मलेय."

वहिनीला हसू आलं. ताईला आलं नाही. तिनं तिसऱ्या सर्व्हरपुढची खुर्ची ओढली आणि यंत्राकडे बोट केलं. "जा, ड्राइव्हवरचा क्रमांक वाच. मी इथे दुरुस्त करते."

वहिनी वाकली आणि खणखणीत आवाजात क्रमांक वाचू लागली. एकही आकडा चुकला नाही.

"परत वाच," ताई म्हणाली.