गॅलरीतली पिन

अकरा वर्षांपूर्वी अमरसिंहानं ग्रामपंचायतीत अर्ज देऊन थोरल्या भावाची, आकारामची, नवी खोली पाडायला लावली होती. बांधकामाला परवानगी नव्हती, हे खरं. पण भिंती पडल्या त्याच दिवशी आकारामच्या मुलीला बघायला पेठ वडगावचे पाहुणे आले होते. ते धुळीतूनच परत गेले. पुढं मुलीचं लग्न दुसरीकडं झालं, ती सुखातही आहे. आकारामनं मात्र तो दिवस जपून ठेवला होता.

यंदा उन्हाळ्यात अमरसिंहानं गॅलरीच्या कठड्याला दोन सोलर पॅनेल बांधले. ऑनलाइन मागवलेला संच. पॅनेलची वायर एका डबीत आणि डबीची पिन सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये. आकारामनं कोडोलीच्या चहाच्या गाड्यावर वीज कंपनीच्या वायरमनला, नबीलालला, गाठून सगळं सांगितलं.

"नबीलाल, हे चालतं का रं?"

"सोलर चालतं की तात्या. पण अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची, येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारं मीटर बसवायचं. असं प्लगात खुपसून न्हाय चालत. उद्या मी लाईन बंद करून खांबावर चढलो आणि त्याची डबी बंदच पडली न्हाय, तर वीज उलटी तारेत येणार. तारेत काय न्हाय म्हणून मी हात लावणार, आणि जाणार."

"म्हंजे बेकायदेशीर."

"आधी त्याला सांगा तरी. भाऊ हाय."

"सांगतो की. अर्जातनंच सांगतो."

आठव्या दिवशी वीज कार्यालयातून तेजस्वी मॅडम नबीलालला घेऊन आल्या. आकारामनं धुतलेला सदरा घातला होता आणि अंगणात गॅलरीकडं तोंड करून खुर्ची टाकली होती. मॅडमनी फोटो काढले, मग मीटर कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं.

"आकाराम कोण?"

"मीच. तक्रार माझीच हाय."

"मग नोटीसही तुम्हालाच. ग्राहक तुम्ही आहात."

वाटणीत घर, विहीर, आंबे, सगळं वाटून झालं होतं. पाटा एकाकडं गेला होता, वरवंटा दुसऱ्याकडं. मीटर तेवढं एकच राहिलं होतं, थोरल्याच्या नावावर.

गॅलरीत अमरसिंह हसला. "घ्या दादा नोटीस. मी पिन काढत न्हाय. मीटर तुमचं, कारवाई तुमच्यावर."

"पिन निघाली नाही तर दोन्ही घरांची वीज बंद करावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "खांबावर माझी माणसं चढतात."

घराच्या पुढच्या सोप्यात आकारामच्या बायकोची, चिमणाबाईची, पिठाची गिरणी चालू होती. ती दारात आली. "अवं, लोकांचं दळाण हाय."

आकारामनं वर पाहिलं. गॅलरीमागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन होतं. तीनशे अंडी, परवा पिल्लं निघणार, हे अमरसिंहानं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

"तोडा मॅडम."

नबीलालनं खांबावरून वायर सोडवली. गिरणी घरघरत थांबली. लाईन गेली तशी वरची डबीही बंद पडली, तिच्यावरचा दिवा विझला. अमरसिंह पिन हातात घेऊन अनवाणीच जिना उतरला.

"काढली दादा. जोडायला सांगा. अंडी गार व्हायल्यात."

मॅडमनी आकारामपुढं कागद धरला. "पुन्हा अशी पिन लागणार नाही, या हमीपत्रावर सही करा, लगेच जोडू. तुम्ही ना-हरकत दिलीत तर यांना वेगळं मीटर मिळेल, सोलरही रीतसर बसेल."

"चष्मा आण गं माझा," आकाराम म्हणाला.

तो वाचू लागला. एकेक शब्दावर बोट ठेवून. 'ग्राहक' म्हणजे काय, त्यानं विचारलं. मॅडमनी सांगितलं. मग 'हमी' म्हणजे काय, तेही विचारलं. अमरसिंहाच्या कपाळावर घाम आला होता, वायर मातीत लोळत होती.

"दादा, पाया पडतो तुमच्या."

"थांब की. कायद्याचं काम, नीट वाचाय नको?"

"करा सही," चिमणाबाई दारातून म्हणाली. "पिल्लांनी काय केलंय तुमचं?"

आकारामला ते ऐकू आलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि दुसरं पान उलटलं.